राजकीय सिम्युलेशन खेळात निकृष्ट प्रस्तावांची रांग लागते तेव्हा काय करावे?

तुमच्या प्रश्नाचा सारांश प्रथम मांडतो, म्हणजे हे उत्तर कशाला उद्देशून आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुम्ही एका ऑनलाइन राजकीय खेळाच्या नियंत्रक मंडळात आहात. त्या खेळात प्रत्येक खेळाडू आपापला काल्पनिक देश चालवतो आणि सर्व देशांच्या सामाईक सभागृहात कोणताही सदस्य ठराव मांडू शकतो. अलीकडे दोन-तीन ओळींचे, आधीच्या ठरावांची नक्कल असलेले, किंवा नेमके काय करायचे आहे तेच न कळणारे प्रस्ताव इतके वाढले आहेत की चांगले प्रस्ताव रांगेत मागे पडतात, मतदार कंटाळून येईनासे होतात आणि नियंत्रकांचा वेळ नुसते नकार देण्यात जातो. किमान शब्दसंख्येची अट घालावी, प्रस्ताव मांडण्यासाठी खेळातल्या चलनात शुल्क घ्यावे, की वारंवार असे प्रस्ताव पाठवणाऱ्यांवर बंदी घालावी, असे तुम्ही विचारले आहे. आता साचलेल्या रांगेचे काय करायचे, हा त्याला जोडून आलेला प्रश्न आहे.

या तिन्हींपैकी एकही उपाय मी आधी हाती घेणार नाही. अशा सभागृहांत मी बरीच वर्षे मसुदे लिहीत आणि तपासत आलो आहे. निकृष्ट प्रस्तावांचे प्रमाण खेळाडूंच्या कुवतीवर जितके अवलंबून असते, त्याहून किती तरी अधिक ते प्रस्तावाला पहिला वाचक कोणत्या टप्प्यावर मिळतो यावर अवलंबून असते, असे मला दिसले आहे. खेळाडू एका बैठकीत मजकूर लिहून थेट ‘सादर करा’ दाबतो, तेव्हा त्या मजकुराचा पहिला वाचक एक तर दमलेला नियंत्रक असतो, नाही तर मत देऊन पुढे जाण्याच्या घाईत असलेला अनोळखी मतदार. दोघांनाही तो मजकूर सुधारून देण्यात रस नसतो, आणि असला तरी तोवर मजकुरात बदल करण्याची वेळ निघून गेलेली असते. सादर होण्याआधी प्रत्येक मसुदा निदान एका दुसऱ्या खेळाडूच्या नजरेखालून गेलेला असेल अशी व्यवस्था कशी लावायची, हा मला खरा प्रश्न वाटतो.

अर्थात काही गोष्टी तुमच्या खेळाच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्या तुम्ही सांगितलेल्या नाहीत. सक्रिय सदस्य पन्नासच्या आत असतील, तर कोणतीही नवी अडसर घालण्यापूर्वी दहादा विचार करावा, कारण लहान सभागृहाला निकृष्ट प्रस्तावांपेक्षा शुकशुकाट अधिक लवकर मारतो. सदस्य हजारांत असतील, तर मात्र चाळणी हवीच. ठराव मंजूर झाल्यावर देशांची आकडेवारी खरोखर बदलते का, की ठराव केवळ भूमिका म्हणून नोंदला जातो, यानेही फरक पडतो. आकडे बदलत असतील तर ढिसाळ ठरावाचा त्रास त्याला विरोध करणाऱ्यांनाही भोगावा लागतो आणि तिथे तपासणी कडक असणे न्याय्य ठरते. तिसरे म्हणजे, मसुद्यांवर चर्चा करायला वेगळी जागा आहे का आणि तिथे जुनेजाणते खेळाडू फिरकतात का? तसे कोणी फिरकत नसेल, तर खाली सांगितलेल्यापैकी निम्मे उपाय कागदावरच राहतील.

‘निकृष्ट’ या एका शब्दात तुम्ही चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी बांधल्या आहेत आणि त्या आधी सोडवून घ्यायला हव्यात. काही प्रस्ताव नियम माहीत नसल्यामुळे चुकतात: त्याच विषयावर ठराव आधीच अस्तित्वात असतो, किंवा नवा प्रस्ताव त्याच्याशी विसंगत असतो. काहींत हेतू चांगला असतो, पण कोणी काय करायचे ते सांगितलेले नसते. काहींचा विषय सामाईक सभागृहाचा नसतोच. एका देशाने आपल्या घरात सोडवायचा प्रश्न त्यांनी सगळ्यांच्या गळ्यात मारलेला असतो. काही निव्वळ थट्टा म्हणून येतात. आणि अलीकडे एक नवा प्रकार वाढला आहे तो यंत्राकडून लिहून घेतलेल्या मसुद्यांचा. त्यांची भाषा गुळगुळीत, परिच्छेद भरपूर, ‘सर्वसमावेशक आराखडा’ आणि ‘शाश्वत भागीदारी’ यांची रेलचेल, पण शेवटपर्यंत वाचले तरी सदस्य देशावर एकही बंधन आलेले नसते. नियमाचे अज्ञान माहितीने दूर होते, हेतूतला ढिसाळपणा वाचकाने प्रश्न विचारल्यावर कमी होतो आणि थट्टेला सरळ दार दाखवावे लागते. सगळ्यांना एकच औषध दिले की नवखा माणूस दुखावतो आणि थट्टेखोर मात्र मजेत राहतो.

यात एक सहावा प्रकार कधीही मिसळू देऊ नये, तो म्हणजे तुम्हाला राजकीयदृष्ट्या न पटणारा पण नीट लिहिलेला प्रस्ताव. नियंत्रक मंडळात मतांचा कल एकाच बाजूला असला की असे प्रस्ताव नकळत ‘दर्जा नाही’ या शेऱ्याखाली परत जाऊ लागतात, आणि खेळाडूंच्या ते फार लवकर लक्षात येते. प्रस्ताव नियमांत बसतो का आणि तो चांगला आहे का, हे दोन प्रश्न दोन वेगळ्या लोकांनी सोडवावेत. पहिला तपासणाऱ्यांनी आणि दुसरा मतदारांनी.

या प्रकारातला एक जुना आणि परिचित खेळ नेशनस्टेट्स हा आहे. ऑस्ट्रेलियन लेखक मॅक्स बॅरी यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यातले सामाईक सभागृह सुरुवातीला संयुक्त राष्ट्रांच्याच नावाने चालत असे. खऱ्या संयुक्त राष्ट्रांनी नाव आणि बोधचिन्हाच्या वापराला कायदेशीर हरकत घेतल्यावर २००८ मध्ये त्याचे नाव वर्ल्ड असेंब्ली झाले. तिथल्या यंत्रणेकडून तुम्हाला बरेच शिकता येईल, तिच्या मर्यादांकडून तर जास्तच. एका खेळाडूला वर्ल्ड असेंब्लीत एकच देश ठेवता येतो. प्रस्ताव मांडायचा तर त्या देशाला निदान दोन इतर सदस्यांचे एंडोर्समेंट, म्हणजे त्या देशाला दिलेले जाहीर समर्थन, असावे लागते. मांडलेला प्रस्ताव लगेच मतदानाला जात नाही. खेळातले देश प्रदेश नावाच्या गटांत विभागलेले असतात आणि प्रदेशात सर्वाधिक एंडोर्समेंट असलेला सदस्य त्याचा डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, होतो. या डेलिगेटांपैकी सहा टक्क्यांनी प्रस्तावाला मान्यता दिली तर कोरम होतो, म्हणजे तो मतदानाला पात्र ठरतो, मग चार दिवस मतदान चालते. कोरम न झालेला प्रस्ताव मुदत संपली की आपोआप गळून पडतो.

वरवर पाहता ही भक्कम चाळणी वाटते, पण तिच्यात दोन भोके आहेत. एंडोर्समेंट देशाला मिळते, प्रस्तावाला मिळत नाही. म्हणजे शेजारच्या प्रदेशबांधवांनी मैत्रीखातर दिलेले समर्थन कोणत्याही मसुद्यासाठी चालते आणि तो मसुदा त्यांनी वाचलेला असतोच असे नाही. कोरमच्या बाबतीत, लेखक डेलिगेटांना मोठ्या संख्येने टेलिग्राम, म्हणजे खेळातले खासगी संदेश, पाठवून मान्यता गोळा करतात. त्यामुळे कोरम झाला याचा अर्थ बऱ्याचदा प्रचार चांगला झाला एवढाच असतो. मजकुरावर खरे काम होते ते या दोन्ही पायऱ्यांच्या आधी, मसुदा चर्चेला ठेवला जातो तेव्हा. गंमत म्हणजे तीच पायरी त्या खेळाच्या यंत्रणेने सक्तीची केलेली नाही. ती केवळ रिवाज म्हणून टिकून आहे. मी तुमच्या जागी असतो तर उलटे केले असते. समर्थकांची संख्या कमी ठेवली असती, पण ते समर्थन त्या विशिष्ट मसुद्याला हवे अशी अट घातली असती.

नियमांच्या बाबतीतही तिथला अनुभव उपयोगी आहे. वर्ल्ड असेंब्लीच्या महासभेत, म्हणजे सर्व सदस्यांना बंधनकारक ठराव करणाऱ्या तिच्या शाखेत, ठरावाला दुरुस्ती सुचवता येत नाही. जुना ठराव बदलायचा असेल तर आधी तो रद्द करणारा ठराव मंजूर करून घ्यावा लागतो, त्या रद्द करणाऱ्या ठरावात नवी तरतूद घालता येत नाही, आणि मग नवा ठराव वेगळा आणावा लागतो. खेळाच्या यंत्रणेतच बदल मागणारे, आधीच्या ठरावाची पुनरुक्ती करणारे, पाळणे ऐच्छिक ठेवणारे, किंवा खऱ्या जगातील देश आणि व्यक्तींचे संदर्भ घालणारे प्रस्ताव तिथे बाद होतात. ही कायदेशीर तपासणी पूर्वी मॉडरेटर करत, नंतर ती खेळाडूंमधूनच निवडलेल्या एका समितीकडे सोपवली गेली. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. नियम मोडला की नाही यावर वाद घालायला खेळाडूंना समोर खेळाडूच मिळाले, निर्णयांची कारणे लिहिली जाऊ लागली, आणि ती कारणे पुढच्या लेखकांना वाचायला मिळाली.

मसुद्याला वाचक मिळाला की त्यात काय फरक पडतो, ते एका उदाहरणाने दाखवतो. उदाहरण मी रचलेले आहे, पण या साच्याचे प्रस्ताव प्रत्येक सभागृहात येतात. समजा, प्रस्ताव असा आहे: “सर्व देशांनी आपल्या नद्या स्वच्छ ठेवाव्यात. कारखान्यांनी नदीत घाण सोडू नये. जो देश हे पाळणार नाही त्याची सभागृहातून हकालपट्टी करण्यात येईल.” तुमच्याकडे असा प्रस्ताव आला तर बहुधा ‘अपुरा’ असा शेरा मारून तो परत जाईल. लेखकाला त्यातून एवढेच कळेल की मजकूर वाढवायला हवा. तो आणखी चार वाक्ये घालेल, त्यांत निसर्गाचे महत्त्व सांगेल, आणि प्रस्ताव तितकाच अपुरा राहील.

त्याऐवजी एखाद्या वाचकाने तीन प्रश्न विचारले तर काय होते ते पाहा. पहिला प्रश्न: जी नदी एकाच देशात उगम पावून त्याच देशात समुद्राला मिळते, तिच्याशी इतर देशांचा संबंध काय? लेखक विचार करतो आणि सांगतो की त्याच्या मनात खरे तर सीमा ओलांडणाऱ्या नद्या होत्या. दुसरा: ‘घाण’ म्हणजे काय? घरगुती सांडपाणी, शेतातून वाहून आलेले खत, की विषारी रसायने? इथे लेखकाला आठवते की त्याने १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ रसायनांच्या गोदामाला लागलेल्या आगीबद्दल वाचले होते. आग विझवण्यासाठी वापरलेल्या पाण्याबरोबर विषारी रसायने ऱ्हाईन नदीत गेली होती, मासे मोठ्या प्रमाणावर मेले होते आणि त्याची झळ नदीच्या खालच्या बाजूच्या देशांपर्यंत पोचली होती. तिसरा प्रश्न: मग तुला नेमके काय घडायला हवे आहे? उत्तर येते की निदान खालच्या देशाला वेळेवर कळायला हवे. हकालपट्टीचा मुद्दा आपोआप गळतो, कारण ती खेळाच्या यंत्रणेत हात घालणारी मागणी आहे आणि लेखकाला ती मुळात हवीही नव्हती. काही तरी धाक असावा म्हणून त्याने ती लिहिली होती.

या तीन प्रश्नांनंतरचा मसुदा साधारण असा उतरतो: “जी नदी एकाहून अधिक सदस्य देशांतून वाहते, तिच्यात आरोग्यास घातक पदार्थांचा अपघाती विसर्ग झाल्यास, ज्या देशात तो झाला त्या देशाने तो लक्षात येताच, विनाविलंब, खालच्या बाजूच्या सर्व सदस्य देशांना त्या पदार्थाचे नाव, अंदाजे प्रमाण आणि विसर्गाचे ठिकाण कळवावे.” हा मसुदा पहिल्यापेक्षा फार मोठा नाही, पण तो पाळला गेला की नाही हे सांगता येते, त्याला विरोध करणाऱ्याला नेमक्या कशाला विरोध आहे ते सांगावे लागते, आणि त्यावर चर्चा होऊ शकते. लेखकाला पुढे जायचे असेल तर त्याला खऱ्या जगातला नमुना दाखवावा: आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९७ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१४ मध्ये अमलात आला. त्याचे अठ्ठाविसावे कलम आपत्कालीन परिस्थितीबद्दल आहे आणि त्यात तासांची मुदत न घालता विनाविलंब आणि उपलब्ध असलेल्या सर्वांत जलद मार्गाने कळवावे, असे म्हटले आहे. सगळ्या आकाराच्या देशांना लागू होणारे बंधन कसे लिहितात, हे अशा एका कलमातून जितके समजते तितके पानभर सूचनांतून समजत नाही. खऱ्या जगाचे नाव प्रस्तावात घालायला मनाई असली तरी त्याच्या बांधणीतून शिकायला कोणाचीच मनाई नसते.

कायदे लिहिण्याच्या शास्त्रात ही बांधणी फार पूर्वी सांगितली गेली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील जॉर्ज कूड यांनी कायद्याच्या वाक्याचे चार भाग मांडले: कोणत्या प्रसंगी, कोणती अट पूर्ण झाल्यावर, कोणी, काय करायचे. वरच्या सुधारलेल्या मसुद्यात हे चारही भाग बोट ठेवून दाखवता येतात. मूळ मसुद्यात ‘कोणी’ आणि ‘काय’ हे दोनच आहेत आणि त्यांतले ‘काय’ही धूसर आहे. मसुदा भरण्याच्या पानावर मी याच चार भागांचे चार रकाने ठेवेन आणि पाचवा रकाना असेल: हा प्रश्न प्रत्येक देशाने स्वतंत्रपणे सोडवला तर काय बिघडते? या पाचव्या रकान्यात लिहायला काहीच सुचले नाही तर लेखक बऱ्याचदा स्वतःच प्रस्ताव मागे घेतो. यंत्राने लिहिलेले मसुदेही इथेच अडखळतात, कारण गुळगुळीत भाषेला रकान्यात उभे राहायला जागा मिळत नाही.

आता तुमच्या तीन पर्यायांकडे येतो. किमान शब्दसंख्येबद्दल माझे मत स्पष्टपणे प्रतिकूल आहे. तुम्ही लांबी मागितली की लांबीच मिळते. चांगला ठराव कधी कधी दोन कलमांत संपतो आणि तो संपलाच पाहिजे. त्याच्या लेखकाला तुम्ही पाणी घालायला लावाल. नियंत्रकांचे वाचनही वाढेल.

शुल्काबद्दल मी इतका ठाम नाही. ज्या खेळांत चलन सहज मिळते तिथे शुल्काने काहीच होत नाही, आणि जिथे ते कष्टाने मिळते तिथे जुन्या, सधन खेळाडूंना रान मोकळे होते आणि नवखे दाराबाहेर राहतात. तरीही एका स्वरूपात ते चालू शकते: प्रस्ताव मांडताना रक्कम अडकवून ठेवायची आणि प्रस्ताव नियमांत बसला तर, तो मतदानात पडला तरीसुद्धा, ती परत करायची. अशाने लोकप्रिय नसलेले मत मांडण्याची शिक्षा होत नाही, नियम न वाचण्याची मात्र थोडी झळ लागते. तुमच्याकडे चलनाची व्यवस्था तयार असेल तरच हे करा. एवढ्यासाठी नवी उभारू नका.

बंदी हे हत्यार थट्टेखोरांसाठी राखून ठेवावे. वाईट लिहिणे हा गुन्हा नाही. वारंवार कच्चे प्रस्ताव पाठवणारा खेळाडू बऱ्याचदा सर्वांत उत्साही असतो आणि त्याला वळण लावले तर वर्षभराने तोच इतरांचे मसुदे तपासताना दिसतो. त्याला आवरायला एक साधा नियम पुरतो: एका खेळाडूचा एका वेळी एकच प्रस्ताव रांगेत राहील. तो निकाली निघेपर्यंत दुसरा मांडता येणार नाही, पण मसुदा म्हणून चर्चेला कितीही ठेवता येतील. संख्या कमी होते आणि कोणाच्या लिहिण्यावर ताशेरेही ओढावे लागत नाहीत.

मग मी काय करेन? मसुद्याच्या टप्प्यावर काही दिवसांची सक्तीची मुदत ठेवेन. किती दिवस, ते तुमच्या खेळाच्या गतीवर ठरवा. लोक रोज येत असतील तर तीन-चार दिवस पुरेत, आठवड्याच्या शेवटीच येत असतील तर निदान एक शनिवार-रविवार मध्ये यावा. त्या मुदतीत त्याच मसुद्याला दोन समर्थक लागतील आणि समर्थकाने एक ओळ तरी लिहिली पाहिजे: हा ठराव माझ्या देशाला काय करायला लावेल? नुसता अंगठा दाखवून भागणार नाही. ही एक ओळ लिहिताना समर्थकाला मसुदा वाचावाच लागतो, आणि तो वाचताना काही कळले नाही तर तो लेखकाला विचारतो. अशा रीतीने पहिला वाचक सक्तीने पण सौजन्याने मिळतो. असा विचार केवळ खेळापुरता नाही. ब्रिटिश संसदेच्या ऑनलाइन अर्जांच्या व्यवस्थेत अर्ज तपासणीला जाण्याआधीच पाच समर्थक लागतात, त्याच मागणीचा अर्ज आधीच चालू असेल तर नवा नाकारला जातो, आणि नाकारलेले बहुतेक अर्ज कारणासह जाहीरपणे पाहता येतात.

या शेवटच्या गोष्टीवर, म्हणजे कारणासह नकारावर, मी सर्वांत अधिक भर देईन. बहुतेक नियंत्रक दमतात ते नकार देण्याने नव्हे. तोच नकार प्रत्येकाला पुन्हा नव्याने समजावून सांगण्याने ते दमतात. त्यासाठी आठ-दहा ठरलेली कारणे लिहून ठेवा. प्रत्येकाला एक छोटे नाव, दोन वाक्यांचे स्पष्टीकरण आणि पूर्वी त्याच कारणाने परत गेलेल्या एखाद्या प्रस्तावाचा दुवा द्या. ‘पुनरुक्ती’ या कारणासोबत कोणत्या ठरावाची पुनरुक्ती आहे त्याचे नाव आलेच पाहिजे; नाव देता येत नसेल तर ते कारण वापरू नये. ‘दर्जा अपुरा’ हे कारण यादीतून काढून टाका, कारण त्यातून लेखकाला काहीही करता येत नाही आणि नियंत्रकाला काहीही सिद्ध करावे लागत नाही. परत गेलेले प्रस्ताव कारणासह सर्वांना दिसू द्या. थोडी शरम वाटेल हे खरे, म्हणून लेखकाला हवे असल्यास नाव झाकायची सोय ठेवा, पण मजकूर आणि कारण उघडे राहू द्या. नवे खेळाडू नियमपुस्तक वाचत नाहीत. दुसऱ्याचा फसलेला प्रस्ताव मात्र आवडीने वाचतात.

नियंत्रकांनी स्वतः प्रस्ताव दुरुस्त करून देण्याचा मोह टाळावा, असेही सुचवतो. सद्भावनेने सुरू झालेले हे काम लवकरच अंगावर येते. दुरुस्त केलेला प्रस्ताव मतदानात पडला की लेखक तुम्हाला दोष देतो, मंजूर झाला की विरोधक तुमच्या निःपक्षपातीपणावर शंका घेतात. प्रश्न विचारा, पण वाक्य लेखकालाच लिहू द्या. ज्या खेळाडूंना मसुदे सुधारण्याची आवड आहे त्यांची एक यादी करा आणि नवख्यांना तिकडे पाठवा. त्यांना सहलेखक म्हणून नाव लावण्याची मुभा दिली तर त्यांचाही उत्साह टिकतो.

तुमच्या प्रश्नात न आलेली एक गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. दोन ओळींचा प्रस्ताव सहज ओळखू येतो, पडतो आणि विसरला जातो. त्याची किंमत फक्त वेळ. खरे नुकसान करतो तो भारदस्त शीर्षकाचा, अर्धवट विचार केलेला आणि मंजूर झालेला प्रस्ताव. ‘बालकांचे संरक्षण’ असे शीर्षक असले की आत काय लिहिले आहे ते न पाहता मते पडतात. नेशनस्टेट्समध्ये डेलिगेटच्या मताला त्याच्या एंडोर्समेंटच्या संख्येप्रमाणे वजन मिळते, त्यामुळे मतदानाच्या सुरुवातीलाच दोन-तीन मोठ्या डेलिगेटांनी बाजू घेतली की आकडा एकदम एकीकडे झुकतो आणि पुढचे पुष्कळ मतदार त्या आकड्यामागे जातात. असा ठराव नंतर रद्द करायला मांडण्यापेक्षा कितीतरी अधिक श्रम लागतात. तुमच्याकडे चालू मतसंख्या मतदानादरम्यान सर्वांना दिसत असेल, तर पहिला दिवसभर ती झाकून ठेवण्याचा प्रयोग करून पाहा. आणि समर्थकांनी लिहिलेल्या त्या ‘माझ्या देशाला काय करावे लागेल’ या ओळी मतपत्रिकेवर शीर्षकाखालीच दाखवा. शीर्षकात काहीही असले तरी मतदाराच्या डोळ्यांसमोर निदान दोन माणसांनी साध्या शब्दांत सांगितलेला परिणाम येईल.

हे सगळे एकदम लागू करू नका. आधी नकाराची कारणे आणि एका वेळी एक प्रस्ताव, एवढेच करा. यासाठी खेळाच्या प्रोग्रॅममध्ये बहुधा फारसा बदल लागणार नाही. एक-दोन महिन्यांनी कोणती कारणे सर्वाधिक वापरली गेली ते मोजा. पुनरुक्ती वर असेल तर तुमची ठरावांची सूची शोधायला अवघड आहे आणि तीच आधी विषयवार लावायला हवी. अस्पष्ट बंधन वर असेल तर रकान्यांचे पान आणि सक्तीची मसुदा-मुदत आणा. थट्टा वर असेल तर नव्या खात्यांना काही काळ प्रस्तावाचा हक्क न देणे हा सरळ मार्ग आहे. मोजल्याशिवाय उंबरठा वाढवलात तर संख्या कमी झालेली दिसेल, पण त्यात चांगले किती गळले ते कळणार नाही.

राहिली साचलेली रांग. ती एकेक करून तपासत बसू नका. तुमचे स्वयंसेवक त्यातच संपतील. रांगेला मुदत लावा. इंटरनेटची तांत्रिक मानके ठरवणाऱ्या आयईटीएफमध्येसुद्धा मसुदा पुढे सरकला नाही तर सहा महिन्यांनी कालबाह्य होतो आणि त्यात कोणालाही अपमान वाटत नाही. तुम्हाला इतका काळ थांबण्याची गरज नाही. एक तारीख जाहीर करा आणि प्रत्येक लेखकाला व्यक्तिशः कळवा की त्या तारखेला रांगेतील सर्व प्रस्ताव मसुदा-विभागात हलवले जातील, मजकूर जसाच्या तसा राहील, आणि दोन समर्थक मिळताच तो पुन्हा रांगेत येईल. पुष्कळ लेखक तोवर खेळ सोडून गेलेले असतील आणि त्यांचे प्रस्ताव तिथेच राहतील. उरलेल्यांना पहिले दोन वाचक मिळवून द्यायला तुमच्या मंडळातील एक-दोन जणांनी नियंत्रक म्हणून न जाता साधे खेळाडू म्हणून त्या विभागात रोज थोडा वेळ बसावे.